पाठीवरचं बिऱ्हाड

16 मार्च 1987 च्या रात्री माद्रिदच्या ग्रान व्हिया रस्त्यावरच्या लोपे दे व्हेगा थिएटरात स्पेनच्या चित्रपट अकादमीने आपले गोया पुरस्कार पहिल्यांदा दिले. राजा हुआन कार्लोस आणि राणी सोफिया समारंभाला हजर होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला फेर्नांदो फेर्नान गोमेसच्या ‘एल व्हियाहे आ निंगुना पार्ते’ला. त्याची गोष्ट खेडोपाडी फिरणाऱ्या एका नाटकवाल्या कुटुंबाची: आजोबा, मुलगा, नातू सगळे एकाच कंपनीत, आणि गावात सिनेमाचा पडदा लागला की यांच्या पोटावर पाय. अभिनेत्रीचा पहिला गोया मात्र वेगळ्या चित्रपटासाठी, 62 वर्षांच्या आम्पारो रिव्हेयेसला मिळाला. तीही नाटक कंपनीतच वाढलेली. फेर्नान गोमेसच्या चित्रपटातली कंपनी धान्याच्या कोठारात प्रयोग लावणारी आणि आम्पारोच्या आईची मोठ्या शहरांतली थिएटरं भरवणारी, एवढं अंतर दोघांत होतं. पण घर, संसार आणि धंदा एकाच पेटीत भरून निघायची रीत दोन्हीकडे सारखी.

आम्पारोचा जन्म 11 फेब्रुवारी 1925 चा, माद्रिदमधला. वडील राफाएल रिव्हेयेस मूळचे व्हालेन्सियाकडचे, रंगभूमीवरचे देखणे नायक. आई मारिया फेर्नांदा लाद्रोन दे गेवारा त्या काळातली आघाडीची नायिका आणि पुढे स्वतःच्या कंपनीची मालकीण. स्पेनमध्ये अशी घराणी पुष्कळ होती. बार्देम, गुतिएर्रेस काबा, मेर्लो, आस्केरिनो ही आडनावं नाटकाच्या जाहिरातींवर पिढ्यान् पिढ्या दिसतात. दौऱ्यावरच्या माणसाची ओळख दौऱ्यावरच्याच माणसाशी होणार, त्यामुळे लग्नं आपसात व्हायची, मुलं विंगेत वाढायची आणि चालता येऊ लागलं की एखाद्या प्रवेशात ढकलली जायची. नटांची स्वतःची धर्मबंधुता माद्रिदच्या सान सेबास्तियान चर्चमध्ये 1631 सालापासून आहे. समाज त्यांना टाळ्या देई, पण जावई म्हणून सहज पत्करत नसे. मराठी नाटकवाल्यांना यातलं काही नव्याने समजावून सांगायला नको.

आम्पारो सहा वर्षांची असताना तिचे आईवडील हॉलिवूडमध्ये काम करत होते. बोलपट नुकताच आला होता, डबिंगचं तंत्र अजून रुळलं नव्हतं आणि स्पॅनिश बोलणारा मोठा बाजार हातचा जाऊ द्यायला स्टुडिओ तयार नव्हते. त्यांनी उपाय काढला तो असा की तीच कथा तेच सेट वापरून पुन्हा स्पॅनिश नटांकडून चित्रित करायची. एमजीएमने ‘मॅडम एक्स’ची स्पॅनिश आवृत्ती ‘ला मुहेर एक्स’ 1931 मध्ये काढली. त्यात मारिया फेर्नांदाही होती आणि राफाएलही. डबिंग जमू लागल्यावर हा उद्योग बंद पडला आणि मंडळी युरोपात परतली. लग्न मात्र टिकलं नाही. मारिया फेर्नांदाच्या आयुष्यात पेद्रो लारान्यागा आला. हाही नट, ‘ला आल्देआ माल्दीता’ या 1930 च्या गाजलेल्या चित्रपटाचा नायक. त्यांचा मुलगा कार्लोस मार्च 1937 मध्ये बार्सिलोनात जन्मला, तेव्हा यादवी युद्ध ऐन भरात होतं.

युद्ध 1939 मध्ये फ्रँकोच्या विजयाने संपलं. आम्पारो चौदा वर्षांची झाली होती आणि त्याच सुमारास ती आईच्या कंपनीत रंगमंचावर उभी राहू लागली.

या कंपन्यांचं चाक कसं फिरायचं ते पाहिलं की तिचं पुढचं सगळं आयुष्य उलगडतं. कंपनीत प्रत्येकाची पायरी ठरलेली: मुख्य नायिका, नायक, तरुण नायिका, विनोदी नट, म्हाताऱ्यांच्या भूमिका करणारी बाई. दिवसाला दोन प्रयोग, एक संध्याकाळी, एक रात्री. आठवड्याची सुट्टी नाही. एखादं नाटक पडलं की चार दिवसांत दुसरं उभं करायचं, म्हणून संवाद तोंडपाठ व्हायची वाट कोणी पाहत नसे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा खोबणीत प्रॉम्प्टर बसायचा आणि वाक्य पुरवत राहायचा. ते कानाने उचलायचं, त्याच क्षणी त्याला चेहरा आणि आवाज द्यायचा, आणि आपण हे आत्ताच ऐकलंय याचा प्रेक्षकाला वासही लागू द्यायचा नाही, ही कला शाळेत शिकवली जात नव्हती. ती आईकडून मुलीकडे जायची. मालकीणच आई असल्यावर सबबी सांगायची सोयही नसायची.

मुलगी देखणी होती, धीट होती आणि नेमक्या वेळी वयात आली होती. एप्रिल 1941 मध्ये फ्रँको राजवटीने परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं केलं. त्याच्या जोडीला आयात परवान्यांची अशी व्यवस्था आली की देशी चित्रपट काढणाऱ्या निर्मात्याला परदेशी चित्रपट आणायचा परवाना मिळे. खरा पैसा हॉलिवूडच्या चित्रपटात, पण त्याची किल्ली स्पॅनिश चित्रपटात. साहजिकच निर्माते धडाधड चित्रपट काढू लागले. यात सगळ्यात मोठं नाव सिफेसाचं. 1932 मध्ये व्हालेन्सियात सुरू झालेली ही कंपनी व्हिसेन्ते कासानोव्हाच्या हाताखाली हॉलिवूडचा कित्ता गिरवत होती: नटनट्यांशी करार, जुळवून आणलेल्या जोड्या, मासिकांतून सजवलेली छायाचित्रं.

आम्पारोचा पहिला चित्रपट ‘मारी हुआना’ 1941 चा. पाठोपाठ ‘आल्मा दे दियोस’ आला आणि सिफेसाने तिला करारात बांधून घेतलं. 1942 मध्ये ‘माल्व्हालोका’मध्ये तिने किंतेरो बंधूंच्या नाटकातली ‘पाय घसरलेली’ बाई केली. स्वतः होती सतरा वर्षांची. समोर आल्फ्रेदो मायो, युद्धपटांत गणवेश घालून राजवटीचा लाडका झालेला नायक. या जोडीचं पडद्याबाहेरचं प्रेमही मासिकांनी चवीने छापलं. 1943 मध्ये हार्दिएल पोन्सेलाच्या अफलातून विनोदी नाटकावरून राफाएल हिलने ‘एलोइसा एस्ता देबाहो दे उन आल्मेंद्रो’ केला, त्यातही नायिका तीच.

त्या वर्षांतलं तिचं खरं काम पाहायचं तर ‘एल क्लाव्हो’ पाहावा. 1944 चा हा चित्रपट आलार्कोनच्या एकोणिसाव्या शतकातल्या कथेवर बेतलेला. एक न्यायाधीश प्रवासात भेटलेल्या बाईच्या प्रेमात पडतो, ती नाहीशी होते. पुढे स्मशानात त्याला एक कवटी सापडते आणि तिच्यात ठोकलेला खिळा. खून उघड आहे. तो इरेला पेटून खुन्याचा माग काढतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात येऊन उभी राहते ती त्याचीच हरवलेली प्रेयसी. एकोणीस वर्षांच्या पोरीने इथे काय केलं, तर काहीच ‘करून दाखवलं’ नाही. सभोवार भरजरी पोशाख, घोडागाड्या, पल्लेदार संवाद, आणि मधोमध ही स्थिर. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्या नटाला कॅमेऱ्यासमोर आवरतं घेणं फार जड जातं. तिला ते का जमलं याचं उत्तर माझ्या मते घरातच आहे. तिने लहानपणापासून मोठमोठे नट समोरून कमी आणि विंगेतून, हातभर अंतरावरून जास्त पाहिले होते.

त्याच वर्षी तिच्या डोक्यावर पहिला मुकुट आला: ‘एउहेनिया दे मोंतिहो’, तिसऱ्या नेपोलियनची स्पॅनिश पत्नी. पुढे 1947 मध्ये ‘फुएन्तेओव्हेहुना’त ती लाउरेन्सिया झाली, जुलमी सरदाराविरुद्ध अख्ख्या गावाला पेटवणारी लोपे दे व्हेगाची नायिका. त्याच सुमारास तिचे वडील राफाएल हिलच्या चित्रपटात डॉन किहोते करत होते. बापाकडे सर्व्हान्तेस, लेकीकडे लोपे, स्पॅनिश वाङ्मयाची वाटणी घरातल्या घरात. त्याच वर्षीच्या ‘ला फे’त ती धर्मगुरूच्या प्रेमात वेडी झालेली मुलगी होती. त्या काळातल्या स्पेनमध्ये हा विषय निखाऱ्यासारखा. चर्चच्या काही मंडळींना तो रुचला नाही यात नवल नव्हतं.

1951 मध्ये हुआन दे ओर्दुन्याने तिला घेऊन दोन ऐतिहासिक चित्रपट केले. ‘ला लेओना दे कास्तिया’त ती पतीच्या वधानंतर तोलेदो शहर लढवणारी मारिया पाचेको. आणि ‘आल्बा दे आमेरिका’त साक्षात इसाबेल राणी, कोलंबसाला जहाजं देणारी. या दुसऱ्या चित्रपटाची जन्मकथा मोठी रंजक आहे. 1949 मध्ये ब्रिटिशांनी कोलंबसावर चित्रपट काढला आणि त्यातलं स्पेनचं चित्रण माद्रिदला झोंबलं. फ्रँकोचा उजवा हात असलेल्या कारेरो ब्लांकोपर्यंत सगळे कामाला लागले. चित्रपटाला उत्तर चित्रपटानेच द्यायचं ठरलं. कोलंबस झाला पोर्तुगीज नट अंतोनियो व्हिलार. सिफेसाने पैसा पाण्यासारखा ओतला.

आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली. भाषणं पुष्कळ, जीव थोडा. त्यात एक सरकारी नाट्यही घडलं. चित्रपट खात्याचा नवा महासंचालक गार्सिया एस्कुदेरो याने ‘राष्ट्रीय हिताचा चित्रपट’ हा लाभदायक दर्जा ‘सुर्कोस’ला दिला, म्हणजे खेड्यातून माद्रिदला येऊन धुळीला मिळणाऱ्या कुटुंबाच्या कहाणीला, आणि ‘आल्बा दे आमेरिका’ला नाकारला. 1952 मध्ये त्याला खुर्ची सोडावी लागली. सिफेसाचीही कंबर मोडली ती मोडलीच. काही काळाने तिने निर्मिती आवरती घेऊन वितरणावर भागवलं. इसाबेलचं काम करणारी बाई तेव्हा 26 वर्षांची होती आणि ज्या कारखान्याने तिला राणी केलं तो तिच्या डोळ्यांदेखत बसत होता.

सिनेमातली तारका अशा वेळी घाबरते. नाटकवाल्याच्या मुलीला मात्र ठाऊक असतं की हे थिएटर बंद झालं तर पुढच्या गावचं उघडं आहे. ती रंगभूमीवर परतली, स्वतःच्या नावाची कंपनी काढली. मधूनच ऑर्सन वेल्सच्या ‘मिस्टर आर्कादिन’ची स्पॅनिश आवृत्ती आली. त्यात मूळ आवृत्तीतल्या दोन नट्यांच्या जागी स्पॅनिश नट्या घेतल्या होत्या आणि सुझान फ्लोंच्या जागी होती आम्पारो. तिच्या आईने हॉलिवूडमध्ये जे केलं होतं, जवळपास तेच काम.

एक गोष्ट तिने त्या काळात निर्धाराने केली. लग्न न करता तिने मुलगी जन्माला घातली, उघडपणे वाढवली आणि मुलीच्या वडिलांचं नाव जाहीरपणे कधी घेतलं नाही. कॅथलिक राष्ट्राची आदर्श राणी म्हणून जिचे फोटो मासिकांत झळकले होते तिने हे करावं, ही त्या राजवटीची मोठीच पंचाईत होती.

1957 मध्ये ती कामासाठी मेक्सिकोला गेली. मुक्काम थोडक्या दिवसांचा ठरला होता, तो दोन दशकांहून अधिक लांबला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं हे.

मेक्सिकोत तिला जे स्पॅनिश लोक भेटले ते तिच्या स्पेनचे नव्हते. यादवीत हरलेल्या प्रजासत्ताकवाल्यांपैकी हजारोंना मेक्सिकोने आसरा दिला होता. फ्रँकोच्या सरकारला त्या देशाने अखेरपर्यंत मान्यता दिली नाही, राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते त्याच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये. अशा वस्तीत ‘आल्बा दे आमेरिका’ची इसाबेल येऊन दाखल झाली. पण नाटकवाल्यांच्या जातीत राजकारणाहून घराण्याची ओळख जुनी असते. लुइस आल्कोरिसाचंच पाहा. दिग्दर्शक बुन्युएलचा हा पटकथाकार बादाहोसचा, निर्वासित, आणि नाटक कंपनी चालवणाऱ्या आईबापांचा मुलगा. त्यानेच लिहिलेला ‘एल एस्केलेतो दे ला सेन्योरा मोरालेस’ 1960 मध्ये रोहेलिओ गोन्सालेसने दिग्दर्शित केला, आणि आम्पारोच्या मेक्सिकोतल्या चित्रपटांतला तो सर्वांत टिकाऊ ठरला.

कथा मूळची वेल्श लेखक आर्थर मॅकेनची. पाब्लो मोरालेस मेलेल्या जनावरांत भुसा भरायचा धंदा करतो. माणूस खुशालचेंडू, प्रेमळ. बायको ग्लोरिया लंगडी, कर्मठ, पाद्री आणि मैत्रिणींच्या कोंडाळ्यात नवऱ्याच्या छळाच्या खोट्या कहाण्या सांगणारी. अखेर तो तिला संपवतो आणि आपल्या कसबाने तिचा सांगाडा दुकानात मांडतो. आर्तुरो दे कोर्दोव्हा आणि आम्पारो यांची जुगलबंदी अशी की हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. या ग्लोरियाला आम्पारोने नुसती खाष्ट केली असती तर चित्रपट चुटक्याच्या पातळीवर उरला असता. तिची ग्लोरिया स्वतःला खरोखरच पुण्यवान समजते. काळे कपडे, जपमाळ, दुखरा पाय आणि डोळ्यांतला तो विजयी हुंदका! कधीकाळी सिफेसाच्या कॅमेऱ्यापुढे जी धार्मिकता तिने भव्य करून दाखवली होती, तिचीच वळकटी करून तिने इथे उलटी अंथरली. मेक्सिकोच्या उत्तम चित्रपटांच्या यादीत हे नाव आजही निघतं.

त्याच वेळी टीव्हीवर नवा धंदा उभा राहत होता. साबणाच्या आणि टूथपेस्टच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या मालिका, तेलेनोव्हेला, मेक्सिकोत 1958 मध्ये सुरू झाल्या होत्या. रोज नवा भाग, पाठांतराला वेळ नाही. मेक्सिकोवाल्यांनी तोडगा काढला: नटाच्या कानात एक छोटं यंत्र आणि पडद्याआडून वाक्य पुरवणारा माणूस. चित्रपटातून आलेल्या कित्येकांची यात भंबेरी उडाली. आईच्या कंपनीत खोबणीतल्या प्रॉम्प्टरवर वाढलेल्या बाईला ही आपल्याच घरची रीत वाटली असणार. ‘दोन्या माकाब्रा’ 1963 ची, ‘ला क्रूस दे मारिसा क्रूसेस’ 1970 ची, ‘ला हिएना’ 1973 ची. सगळ्याच काही थोर नव्हत्या, पण त्यांनी तिला घरोघरी पोचवलं.

1975 च्या फेब्रुवारीत माद्रिदच्या नटांनी संप केला. मागण्यांत एक होती ती दिवसाला एकच प्रयोग असावा ही. नोव्हेंबरात फ्रँको गेला. सेन्सॉर सैलावला, जुन्या कंपन्या बहुतेक मोडल्या, तिची आई 1974 मध्येच वारली होती. 1979 मध्ये आम्पारो माद्रिदच्या रंगभूमीवर परतली ती सांतियागो मोंकादाच्या ‘साल्व्हार आ लोस देल्फिनेस’ या नाटकातून. पन्नाशी ओलांडलेल्या नटीला जुनी पुण्याई सहसा पुरत नाही. हिला प्रेक्षकांनी सोडलंच नाही.

मग 1982. स्पेनमध्ये टीव्ही म्हणजे सरकारी टीव्ही, म्हणजे जे लागेल ते अख्खा देश पाहणार. तोरेन्ते बाय्येस्तेरच्या कादंबरी-त्रयीवरची ‘लोस गोसोस इ लास सोम्ब्रास’ ही मालिका लागली. 1930 च्या दशकातलं गालिसियातलं एक किनाऱ्यावरचं गाव, तिथला जहाजकारखान्याचा मालक कायेतानो साल्गादो आणि त्याच्यापुढे मान न झुकवणारी एकच व्यक्ती, जुन्या सरंजामी घराण्यातली दोन्या मारियाना. मारियाना आम्पारो होती. कायेतानो होता कार्लोस लारान्यागा, तिचा धाकटा सावत्र भाऊ. एका आईची दोन मुलं, एका कंपनीत शिकलेली, कॅमेऱ्यासमोर एकमेकांची वैरी. चारो लोपेस आणि एउसेबिओ पोन्सेला यांच्या प्रेमकहाणीने मालिका गाजली खरी, पण दोन्या मारियाना ज्या प्रवेशात खुर्चीत नुसती बसून असते तो प्रवेश तिचाच होतो.

सेबास्तियान हुन्येंतच्या ‘आय के देसासेर ला कासा’ या नाटकात दोन बहिणी आईबापांच्या पश्चात घर मोडून वाटणी करायला बसतात. थोरली गावात राहून सगळं निभावलेली, धाकटी केव्हाच निघून गेलेली. 1985 मध्ये आम्पारोने ते लोला कार्दोनासोबत रंगभूमीवर केलं आणि दणक्यात चाललं. चित्रपट झाला तेव्हा दिग्दर्शक होसे लुइस गार्सिया सांचेसने तिच्यासमोर आम्पारो सोलेर लेआलला उभं केलं, तीही साल्व्हादोर सोलेर मारी आणि मिलाग्रोस लेआल या नटदांपत्याची मुलगी. नाटकवाल्यांच्या घरातल्या दोन लेकी पडद्यावर घराची भांडीकुंडी वाटून घेतायत, हे नुसतं वाचूनही गंमत वाटते. याच भूमिकेने तिला तो पहिला गोया दिला. शर्यतीत व्हिक्तोरिया आब्रिल आणि आंखेला मोलिना होत्या, दोघी तिच्याहून कितीतरी तरुण.

पुरस्कार मिळाल्यावर ती चित्रपटांच्या मागे धावली नाही. दुसऱ्याच वर्षी आदोल्फो मार्सियाकने राष्ट्रीय अभिजात नाट्यसंस्थेसाठी ‘ला सेलेस्तिना’ बसवलं आणि सेलेस्तिनाची भूमिका तिच्याकडे आली: म्हातारी कुंटीण, जडीबुटीवाली, प्रेमिकांची गाठ घालून देऊन पैसे उकळणारी, स्पॅनिश रंगभूमीवरची सगळ्यात लबाड आणि सगळ्यात शहाणी बाई. संहितेचं रूपांतर तोरेन्ते बाय्येस्तेरचं. 1989 च्या ‘एस्किलाचे’त ती राजमाता इसाबेल दे फार्नेसिओ झाली. 1996 मध्ये राष्ट्रीय नाट्य पुरस्कार आला. पुढेही ती थांबली नाही. ऐंशीच्या घरात असताना तिने नुरिया एस्पेर्तसोबत डेव्हिड हेअरच्या एका नाटकाचे प्रयोग केले, दोनच पात्रं, दोघी बायका, एकाच पुरुषाच्या आठवणी. त्यानंतर मात्र रंगमंच सोडला.

कार्लोस लारान्यागा ऑगस्ट 2012 मध्ये वारला, 7 नोव्हेंबर 2013 रोजी माद्रिदमध्ये आम्पारो. कार्लोसची पहिली पत्नी मारिया लुइसा मेर्लो ही इस्माएल मेर्लोची मुलगी, म्हणजे आणखी एक नाटकवालं घर. त्यांची मुलगी आम्पारो लारान्यागा आत्याचं नाव घेऊन रंगभूमीवर काम करते, मुलगा लुइस मेर्लो टीव्हीच्या विनोदी मालिकांनी घराघरांत पोचला, आणि तिसरा, पेद्रो, नाटकं काढतो: आजोबांचं नाव आणि आजीचा धंदा.